भिंतीचा रंग ठरवण्याआधी घरातला उजेड बघा

प्रश्न: डोंबिवलीत ६५० चौरस फूट कार्पेटचा, २० वर्षं जुना रीसेल फ्लॅट घेतलाय. हॉल पश्चिमेला. सासूबाईंची खोली उत्तरेला आणि तिच्या खिडकीसमोर १२ फुटांवर दुसरी बिल्डिंग. किचन आणि आमची बेडरूम पूर्वेला. जमिनीला आयव्हरी टाइल्स आहेत, त्या बदलायच्या नाहीत. नवऱ्याला ग्रे हवाय, सासूबाईंना क्रीम, ६ वर्षांच्या मुलाला निळा. पेंटिंगचा ठेकेदार दोन दिवसांत शेडचे नंबर मागतोय. शेड कार्ड बघून बघून डोकं चालेनासं झालंय. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते शेड कार्ड मिटून कपाटात ठेवा. मी २६ वर्षं घरांच्या सजावटीचं काम करतेय, त्यातली बरीच वर्षं ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या अशाच दोन बेडरूमच्या घरांत गेली. आजही घर बघितल्याशिवाय मी कुणाला शेडचा नंबर देत नाही. डब्यातला रंग भिंतीवर गेला की त्याच्यात खिडकीचा उजेड मिसळतो, टाइल्सचा रंग मिसळतो, रात्री ट्यूबचा उजेड मिसळतो. पेंटच्या दुकानातल्या दिव्याखाली, दोन बोटांएवढ्या चौकटीत दिसलेला रंग तुमच्या घरी तसाच दिसेल अशी आशाच धरू नका.

म्हणून आधी न बदलणाऱ्या गोष्टी बघू. तुमच्याकडे त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जमीन. आयव्हरी टाइल म्हणजे पांढरी टाइल नव्हे. एक कोरा बॉन्ड पेपर घ्या, टाइलवर ठेवा आणि खिडकीजवळ उभं राहून बघा. कागदाच्या शेजारी टाइल पिवळसर दिसेल, काही टाइल्स किंचित गुलाबीही दिसतात. आमच्या कामात याला झाक म्हणतात. प्रत्येक फिक्या रंगाला झाक असते आणि घराचं सगळं बिघडतं किंवा जमतं ते तिच्यामुळे. हाच कागद ओट्याच्या ग्रॅनाइटजवळ, दरवाजांच्या पॉलिशजवळ, कपाटांच्या सनमायकाजवळ धरा. ज्या वस्तू पुढची दहा वर्षं घरात राहणार आहेत त्यांची झाक कागदावर लिहून काढा. शेड कार्डाची वेळ त्यानंतर येते.

हे मी इतकं कळकळीने सांगतेय कारण माझ्या हातून हे चुकलंय. कामाला लागून दोन-तीन वर्षंच झाली होती. कल्याणच्या एका घरात मालकांना ग्रे हवा होता, मी दुकानात बसून एक सुरेख फिका ग्रे निवडला. घरात तुमच्यासारख्याच आयव्हरी टाइल्स होत्या. दोन हात मारून झाले, संध्याकाळी ट्यूब लावली आणि हॉल जांभळट दिसायला लागला. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, हा तर लव्हेंडर आहे." डब्यावरचा नंबर बरोबर होता, कारागिराची काही चूक नव्हती. त्या ग्रेला निळी झाक होती आणि खालच्या पिवळसर टाइलने ती आणखी वर काढली. हॉल पुन्हा रंगवायला लागला, त्याचा निम्मा खर्च मी दिला.

डोळा दोन रंग शेजारी बघतो तेव्हा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो. पिवळ्याशेजारचा ग्रे निळा-जांभळा वाटतो, लालाशेजारचा हिरवट वाटतो. फ्रान्समध्ये गोब्लँ इथे भिंतीवरचे गालिचे विणायचा सरकारी कारखाना होता, तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगविभागाचे प्रमुख शेव्रल यांनी तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा उतरल्यासारखा दिसत होता. त्यांनी हा नियम १८३९ साली सविस्तर मांडला. आपल्याकडच्या बायकांना तो वापरून वापरून माहीत होता. चुन्यात नीळ कशाला घालायची? चुना वाळल्यावर किंचित पिवळट दिसतो, चिमूटभर निळीने तो पिवळेपणा मरतो आणि भिंत पांढरीशुभ्र दिसते. पण हाच निळसर पांढरा रंग तुमच्या आयव्हरी जमिनीवर लावलात तर भिंत स्वच्छ दिसेल आणि टाइल कितीही पुसली तरी मळकी वाटेल. तेव्हा तुमच्या भिंतींसाठी "प्युअर व्हाइट", "आइस", "स्नो" असल्या नावांच्या सगळ्या शेड बाद करा. मोतिया, सायीचा, फिका बदामी या कुटुंबातला पांढरा घ्या.

यातून नवऱ्याच्या ग्रेचा आणि सासूबाईंच्या क्रीमचा वादही सुटतो. सिमेंटचा ग्रे आणि भस्माचा ग्रे वेगळे असतात. सिमेंटमध्ये निळं-हिरवं असतं, भस्मात किंचित पिवळं-तपकिरी. तुमच्या घरात भस्माचा ग्रे चालेल, तोही अगदी फिका. कार्डावर तो ओळखायची एक युक्ती आहे. शेडच्या पट्टीत फिक्यापासून गडदपर्यंत सहा-सात चौकटी असतात. तुम्हाला आवडलेल्या फिक्या चौकटीवर नजर रोखू नका, त्याच पट्टीतली सगळ्यात गडद चौकट बघा. ती निळी असेल तर फिक्यातही निळं लपलेलं आहे. ती तपकिरी किंवा मातकट असेल तर तो ग्रे तुमच्या क्रीमशी भांडणार नाही.

आता उजेड.

पश्चिमेचा हॉल सकाळी शांत, थोडा फिका असतो आणि दुपारी तीननंतर पेटतो. उन्हाळ्यात तर साडेसहापर्यंत तांबूस ऊन आत असतं. अशा खोलीत पीच, अबोली, केशरी छटा घेऊ नका. सकाळी गोड वाटणारा पीच संध्याकाळी पाचला नारिंगी होतो आणि खोली आहे त्याहून गरम वाटते. इथे तो भस्मी ग्रे किंवा अगदी फिका हिरवट राखाडी चांगला, पश्चिमेचं ऊनच त्याला ऊब देतं. म्हणजे नवऱ्याला हवा असलेला रंग हॉलमध्येच बसतोय.

उत्तरेच्या खोलीला बहुतेक वर्षभर थेट ऊन मिळत नाही. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, तेव्हा थोडी तिरीप येते. पण त्यातले दीड महिने पावसाचे ढग. एरवी तिथला उजेड आकाशाचा, निळसर आणि एकसारखा. त्यात समोर १२ फुटांवर बिल्डिंग. समोरच्या भिंतीचा रंग कोणता आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो तुमच्या आत येणारच. ठाण्यातल्या एका घरात समोर विटकरी रंगाची बिल्डिंग होती. दुपारी चारला तिच्यावर ऊन पडलं की आमच्या पांढऱ्या भिंतीवर गुलाबी लाली चढायची आणि मागे हिरवा पडदा असेल तर सगळं चमत्कारिक दिसायचं. तेव्हा आज दुपारी सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीवर बॉन्ड पेपर चिकटवा आणि त्याच्यावर कोणता रंग चढतो ते नीट बघा.

अंधाऱ्या खोलीला पांढरा द्यायचा म्हणजे ती उजळते, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. पांढऱ्याला परत फेकायला मुळात उजेड लागतो. तो नसेल तर पांढरी भिंत कोपऱ्यांत राखाडी पडते आणि खोली उदास होते. अशा खोलीला पिवळी झाक असलेला फिका रंग द्या: सायीचा, बदामी, फार तर फिकं श्रीखंड. सासूबाईंना क्रीम हवंय ना, तर त्यांच्या खोलीसाठी त्यांची निवड अगदी बरोबर आहे. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. रंग किती उजेड परत फेकतो ते त्यात शून्य ते १०० या मापावर कळतं. या खोलीत ७०च्या वरचा रंग घ्या, आणि छताला सगळ्यात पांढरा.

त्यांच्याच खोलीबद्दल आणखी एक. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, निळ्या-हिरव्यातला फरक आणि फिक्या रंगांमधला फरक कमी कळतो. क्रीम भिंत, क्रीम दार, क्रीम स्विचबोर्ड, क्रीम टाइल असं सगळं एका रंगात केलंत तर तुम्हाला ते नीटनेटकं वाटेल, पण रात्री उठताना त्यांना भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते पटकन कळणार नाही. म्हणून दाराची चौकट आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, गडद तपकिरी ठेवा, स्विचबोर्ड भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा घ्या, बाथरूममधला धरायचा दांडा टाइलवर उठून दिसेल असा बघा. रंग निवडताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी दर वेळी सांगते.

पूर्वेची बेडरूम आणि किचन सकाळी सोनेरी, दहा-अकरानंतर थंड. बेडरूम तुम्ही मुख्यतः रात्री वापरणार, म्हणजे तिथे दिव्याचा उजेड जास्त महत्त्वाचा. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये आकडा असतो. ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढरा-निळसर. आपल्याकडे सवयीने सगळीकडे ६५००च्या ट्यूब लावतात. त्या उजेडात क्रीम हिरवट आणि ग्रे निळा दिसतो, जेवणाच्या ताटातलं वरणसुद्धा फिकं वाटतं. रंगाआधी दिवे ठरवा. हॉल आणि बेडरूमला ३००० ते ४०००च्या मधले, किचनच्या ओट्यावर आणि मुलाच्या अभ्यासाच्या जागी ४०००. खोक्यावर सीआरआयचा आकडाही असतो, वस्तूंचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतील याचा. तो ८०च्या खाली नको, ९०चा मिळाला तर हॉलला तोच घ्या. ही खरेदी आत्ताच करा, कारण नमुने याच दिव्यांखाली बघायचे आहेत.

मुलाचा निळा. नाही म्हणू नका, त्याचंही घर आहे. पण चारी भिंती निळ्या करू नका. चार भिंतींवरचा रंग एकमेकींवर उजेड टाकतो, त्यामुळे खोलीत तो कार्डापेक्षा गडद आणि भडक दिसतो. तुम्हाला पटलेल्या चौकटीपेक्षा नेहमी एक पायरी फिकी शेड घ्या. निळा एकाच भिंतीला, आणि ती भिंत कोणती हेही महत्त्वाचं आहे. खिडकी असलेल्या भिंतीला गडद रंग कधीच देऊ नका. बाहेरचा लख्ख उजेड आणि भोवती गडद भिंत, यात डोळे दुखतात. खिडकीसमोरची किंवा पलंगाच्या डोक्याकडची भिंत घ्या. टीव्हीमागची भिंत मात्र थोडी गडद चालते, काळा स्क्रीन तिथे उठून खुपत नाही. पण लहान मूल असेल तिथे हात पोचतील त्या उंचीवर फार गडद मॅट, म्हणजे बिनचकाकीचा रंग, नको. नुसता हात किंवा दप्तर घासलं तरी पांढरे ओरखडे दिसतात आणि पुसलेल्या जागी चकाकी येते.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी बाल्कनीत उभं राहून जास्वंदीकडे बघा. फूल काळपट होत जातं आणि पानं अजून उजळ दिसतात. कमी उजेडात डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो. डाळिंबी किंवा मरून भिंत हवी असेल तर ती संध्याकाळी काळी दिसेल, हे धरून चाला. लाल आणि पिवळ्या गर्द शेडची झाकण्याची ताकदही कमी असते. खाली त्याच्याशी जुळणारा, टिंट केलेला म्हणजे रंग मिसळलेला अस्तराचा हात न देता काम केलं तर चार हात मारूनही डाग दिसतात.

आता सगळं घर एकत्र कसं बांधायचं? मी त्यासाठी साडी घेऊन बसते. साडीचं अंग मोठं आणि शांत, काठ त्याला आवळून धरणारा, पदर सगळ्यात श्रीमंत. घरातही भिंती आणि छत म्हणजे अंग. पडदे, सोफा, चादरी म्हणजे काठ. उशा, चित्रं, एखादी पितळी समई म्हणजे पदर. प्रमाण सहा-तीन-एकच्या आसपास राहू द्या. रंगांच्या जोड्या सुचत नसतील तर तुमची सगळ्यात आवडती साडी काढा, अंगाचा रंग दहापट फिका करून भिंतीवर न्या आणि काठाचा रंग पडद्यात. मोरपंखी-राणी, आमसुली-मोतिया, चिंतामणी-केशरी या जोड्या विणकरांनी आणि नेसणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पारखून घेतलेल्या आहेत. धूपछाव पैठणी असेल तर ती हॉलमध्ये खिडकीजवळ आणि मग कोपऱ्यात धरून बघा. ताण्याचा एक रंग, बाण्याचा दुसरा, उजेड कुठून पडतो त्यावर साडी रंग बदलते. तुमची भिंतही दिवसातून तीनदा तेच करणार आहे.

हॉलमध्ये उभं राहिलं की तुम्हाला तिन्ही खोल्यांची दारं दिसत असतील. म्हणून छत आणि सासूबाईंच्या खोलीची सोडून बाकी सगळ्या चौकटी घरभर एकाच पांढऱ्याच्या ठेवा, म्हणजे प्रत्येक खोलीचा वेगळा रंगही एका घरातला वाटतो. दारं-खिडक्यांच्या ग्रिलवर २० वर्षांचा जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिसे या विषारी धातूवरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते असू शकतं. ओल्या पॉलिश पेपरने घासायला सांगा आणि मुलाला त्या दिवशी घराबाहेर ठेवा.

सासूबाई वास्तूचं काही म्हणत असतील तर त्यावरून वाद घालू नका. वास्तूत दिशेसाठी रंगाचं कुटुंब सांगतात, गडदपणा तुमच्या हातात असतो. देवघरामागे त्यांना पिवळं हवं असेल तर फिक्या हळदीची एक पट्टी समईच्या उजेडात फार सुंदर दिसते.

नमुना कसा बघायचा ते नीट सांगते, कारण खरा निर्णय इथे होतो. जुन्या रंगावर थेट ठिपके मारून बघू नका, खालचा रंग डोळ्याला फसवतो. पूर्ण आकाराच्या पांढऱ्या कार्डशीट घ्या, प्रत्येक शेडची छोटी बाटली आणा आणि दोन हात मारा, कडेपर्यंत. भोवती पांढरी पट्टी राहिली तर रंग आहे त्याहून गडद भासतो. एका खोलीला तीनच शेड, जास्त नाही. वाळल्यावर शीट टाइलला टेकवून उभी करा, मग सोफ्यामागे, मग खिडकीजवळ, मग सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री आठ नव्या दिव्याखाली. असे तीन दिवस. एक वेळ फार आवडला आणि दुसऱ्या वेळी सहन झाला नाही, असा रंग सोडा. तिन्ही वेळा बरा वाटला तो घ्या.

फिनिशबद्दल थोडक्यात. चकाकी जितकी जास्त तितका रंग गडद दिसतो आणि पुट्टीची प्रत्येक लाट उघडी पडते. तुमच्या हॉलच्या बाजूच्या भिंतींवर संध्याकाळचं ऊन तिरपं पडणार, म्हणून तिथे मॅट. किचनला धुता येणारं, थोडं चकाकीचं. मुलाच्या हाताखाली येणाऱ्या भिंतीला धुता येणारं मॅट. कुठेही ओल, लोणा, पोपडे दिसत असतील तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करा, भिंत वाळू द्या. त्यावर कोणताही महाग रंग टिकत नाही. दिवाळीआधीची घाई याच कारणाने मला नको वाटते, पावसाने भिजलेली बाहेरची भिंत तेव्हा अजून आतून ओली असते.

हिशोबासाठी: कार्पेटच्या तीन ते साडेतीनपट रंगवायचं क्षेत्र धरतात, म्हणजे छतासकट तुमचं साधारण २,००० ते २,३०० चौरस फूट. चांगलं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, दोन हातांत लिटरला १०० ते १४० चौरस फूट जातं. एका खोलीचे सगळे डबे एकाच वेळी टिंट करून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरायला सांगा, नाहीतर भिंतीच्या मधोमध सांधा दिसतो.

आणि ठेकेदाराला आज फोन करा. त्याला सांगा, शेडचे नंबर आठवड्याने मिळतील. तोपर्यंत त्याने खरवडणं, पुट्टी, प्रायमर आणि सगळ्या खोल्यांची छतं उरकावीत, त्याला कुठलाही नंबर लागत नाही. काम संपल्यावर प्रत्येक खोलीचा शेड नंबर, बेस (ज्यात टिंट मिसळतात तो मूळ रंग) आणि पेंटचं नाव मार्करने माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. तीन वर्षांनी मुलाने भिंतीवर स्केचपेन चालवलं की तुम्हाला तेच लागणार आहे.